औंधचे राजे, दहा अवस्थांचा व्यायाम आणि भिंती नसलेला तुरुंग

१/
इ. स. १८९७. महाराष्ट्र दुष्काळ आणि प्लेग या दोन संकटांनी एकाच वेळी पोळून निघत होता. त्याच काळात सातारा भागातील औंध या छोट्या संस्थानाच्या राजघराण्यातील एका तरुणाने व्यायामाची विलायती साधने आणि पुस्तके मागवली. तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या पदवीधर तरुणाचे नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत.

२/
स्वतःचे शरीर सुधारण्याच्या या खासगी धडपडीतून पुढे एक व्यायामपद्धती घराघरांत पोहोचली, लंडनमध्ये एक पुस्तक निघाले, आणि अखेरीस एका राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवली. स्वयंसुधारणेच्या इतिहासात असा प्रवास विरळाच.

३/
प्रथम त्या विलायती साधनांविषयी. त्यांचा कर्ता होता युजेन सँडो. १८६७ साली कोनिग्सबर्ग येथे जन्मलेला हा मल्ल १८८९ मध्ये लंडनला आला आणि रंगमंचावरील शक्तिप्रदर्शनाने गाजला. केवळ वजने उचलून तो थांबला नाही. त्याने व्यायामशाळा काढली, पुस्तके लिहिली, १८९८ मध्ये मासिक सुरू केले आणि आपल्या नावाची उपकरणे बाजारात आणली.

४/
१४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची भव्य स्पर्धा भरवली. परीक्षकांत स्वतः सँडो होता, एक शिल्पकार होता आणि शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयलही होते. पुढे १९०४-०५ च्या सुमारास सँडो हिंदुस्थानातही येऊन गेला. शरीर, लेखणी आणि व्यापार या तिन्हींची सांगड घालणारा तो आधुनिक काळातील पहिल्या काही जणांपैकी एक होय.

५/
हिंदुस्थानात त्याचे आकर्षण वाटण्यास आणखी एक कारण होते. येथील शिकलेला माणूस दुबळा असतो, म्हणूनच तो राज्य करण्यास अपात्र आहे, असा सूर राज्यकर्त्यांच्या लिखाणात वारंवार उमटत असे. त्यामुळे दंड फुगवणे ही केवळ हौस उरली नव्हती. त्यात स्वाभिमानाचा प्रश्न गुंतला होता.

६/
बाळासाहेबांनी सँडोची पद्धत सुमारे दहा वर्षे निष्ठेने पाळली. त्यानंतर, १९०८ च्या सुमारास, मिरजेच्या अधिपतींच्या सल्ल्याने ते सूर्यनमस्कारांकडे वळले. नमस्कार महाराष्ट्राला नवे नव्हते. तालमींत आणि अनेक घरांत ते घातले जात. लोकपरंपरा त्यांचा संबंध समर्थ रामदासांशीही जोडते. परंतु ज्याची त्याची रीत निराळी होती.

७/
१९०९ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब औंधच्या गादीवर आले. स्वतःच्या अंगणातील व्यायामाला त्यांनी आता शिस्तबद्ध रूप दिले. दहा अवस्था, प्रत्येकीचा क्रम ठरलेला, श्वास केव्हा घ्यावा आणि केव्हा सोडावा हेही निश्चित. सोबत बीजमंत्र आणि सूर्याची नावे.

८/
ही रचना पाहण्यासारखी आहे. हात जोडून ताठ उभे राहायचे. मग कमरेतून वाकून तळहात पावलांशेजारी टेकायचे. एक पाय मागे, मग दुसरा. नंतर साष्टांग, म्हणजे कपाळ, छाती, दोन तळहात, दोन गुडघे आणि दोन चवडे जमिनीला. पुढे छाती वर उचलायची, कंबर उंच करायची आणि आलेल्या वाटेने परत उभे राहायचे. एकदा टेकलेले हात शेवटपर्यंत जागचे हलवायचे नाहीत.

९/
या व्यायामाला लागणारी सामग्री म्हणजे देहाच्या लांबीएवढी जमीन. डंबेल नको, स्प्रिंग नको, व्यायामशाळेची वर्गणी नको. माणदेशातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला सँडोची उपकरणे कधीच परवडली नसती. नमस्कार परवडत होते. सँडो आणि बाळासाहेब यांच्यातील खरा फरक येथे आहे.

१०/
प्रसाराच्या बाबतीत मात्र राजांनी सँडोचाच कित्ता गिरवला. ते स्वतः चित्रकार होते, रामायणावर त्यांनी चित्रमालिका रंगवली होती, आणि ते कीर्तनही करीत. श्रोत्याला धरून कसे ठेवावे, हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्यांनी नमस्कारांवर मराठीत व इंग्रजीत लिहिले, अवस्थांची छायाचित्रे छापली, मूकचित्रपटही तयार करवून घेतला. त्यांच्या आश्रयाने औंधला राहिलेल्या पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकरांनीही या विषयावर लेखन केले.

११/
१९३६ मध्ये राजे विलायतेस गेले, तेव्हा त्यांचे वय सदुसष्टच्या घरात होते. तेथील ‘न्यूज क्रॉनिकल’ दैनिकाच्या पत्रकार लुईझ मॉर्गन यांना या व्यायामाने भारून टाकले. त्यांच्या संपादनाखाली १९३८ मध्ये लंडनच्या डेंट प्रकाशनाने राजांचे पुस्तक काढले. शीर्षकातच ‘आरोग्याचा दहा टप्प्यांचा मार्ग’ असे वचन होते. विलायतेहून उपकरणे मागवणाऱ्या तरुणाने चार दशकांनी विलायतेलाच व्यायाम शिकवला.

१२/
औंधच्या भूमीत आत्मोन्नतीचा दुसराही एक प्रयोग वाढत होता. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करून लोखंडी नांगरापर्यंत पोहोचलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना तेथील जागा सोडणे भाग पडले होते. राजांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळ जमीन दिली. निवडुंग माजलेल्या त्या ओसाड माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

१३/
लक्ष्मणरावांनी तेथे एक धाडस केले. तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. ज्यांच्यापासून तिजोरी राखायची, त्यांच्याच हाती तिची राखण! ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण औंधच्या इतिहासात तिचा प्रतिध्वनी पुन्हा ऐकू येतो.

१४/
१९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. आरंभी ते कारखान्याचे वार्तापत्र होते. हळूहळू त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले; १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे आली. उद्योग, स्वावलंबन, नवे विचार आणि जुन्या रूढींची चिकित्सा यांची गोडी या मासिकांनी मध्यमवर्गीय मराठी घरांना लावली. कारखान्याच्या माळावरून निघालेले शब्द अशा रीतीने गावोगाव गेले.

१५/
येथवरची कथा यशाची आहे. पण तिला एक अवघड बाजूही आहे. राजांनी संस्थानातील शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे केले. स्वतःला लाभले ते सर्वांना लाभावे, हा हेतू निर्मळ होता. तरीही प्रश्न उरतोच. राजा पहाटे उठून नमस्कार घालतो, तो स्वतःच्या निश्चयाने. मुलगा शाळेच्या पटांगणात घालतो, तो हुकमाने. या दोघांच्या हालचाली सारख्या दिसल्या, तरी दोघेही एकच गोष्ट करीत असतात काय?

१६/
मंत्र आणि सूर्याची नावे यांमुळे दुसराही प्रश्न निर्माण होतो. हा निव्वळ व्यायाम की उपासना? आणि उपासना असेल, तर ती शाळेत सर्वांकडून करवून घ्यावी काय? हा वाद भारतात आजही अधूनमधून डोके वर काढतो. चांगली सवय आणि सक्ती यांच्यातील रेषा त्या काळीही पुसट होती.

१७/
या प्रश्नाचे उत्तर औंधने पुस्तकातून दिले नाही, राज्यकारभारातून दिले. राजांचे पुत्र अप्पासाहेब पंत ऑक्सफर्डचे शिक्षण आणि बॅरिस्टरी पूर्ण करून परतले होते. त्यांच्यामार्फत मॉरिस फ्रिडमन हा पोलंडचा ज्यू अभियंता औंधला आला. (पुढे निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे इंग्रजीत आणून जगापुढे ठेवणारा तो हाच.) या दोघांनी राजांपुढे कल्पना मांडली: सत्ता प्रजेला देऊन टाकावी.

१८/
सत्तरीला आलेल्या राजांनी ती मान्य केली. आराखडा महात्मा गांधींकडे सेवाग्रामला गेला, त्यांच्या सूचनांनी तो घडला, आणि २१ जानेवारी १९३९ रोजी औंधचे स्वराज्य संविधान अमलात आले. पायाशी गावची पंचायत, तिच्यावर तालुक्याची आणि मग संस्थानाची सभा. सुमारे पाऊण लाख लोकवस्तीच्या, तुकड्यातुकड्यांनी विखुरलेल्या संस्थानाने, देश स्वतंत्र होण्याच्या साडेआठ वर्षे आधी, गावापासून वर चढणारे स्वराज्य करून पाहिले.

१९/
येथे ‘स्वराज्य’ या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांस भेटतात. गांधींच्या विचारात स्वराज्य म्हणजे प्रथम स्वतःवरचे राज्य. औंधच्या राजांनी तीस वर्षे आपल्या देहावर रोज पहाटे ते चालवले होते. आता गावाने आपला कारभार स्वतः चालवावा, भांडणे स्वतः मिटवावीत, चुकाही स्वतः कराव्यात, असे ठरले. शाळेतील सक्तीपेक्षा ही वाट कठीण होती. येथे राजाला गप्प बसायला शिकावे लागणार होते.

२०/
या विचाराची सर्वांत कडक कसोटी आटपाडीजवळ लागली. फ्रिडमनच्या कल्पनेतून १९३९ मध्ये तेथे स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत वसली. तिला भिंती नव्हत्या. गंभीर गुन्ह्यांची शिक्षा झालेली माणसे तेथे आपल्या कुटुंबासह राहून शेती करीत. पळून जाणे सोपे होते. न पळणे हीच तेथील साधना होती.

२१/
याच माणदेशात, औंध संस्थानाच्या मुलखात, एक मुलगा वाढला होता. ग. दि. माडगूळकर. स्वतंत्रपूरच्या प्रयोगावरून त्यांनी कथा लिहिली आणि १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ पडद्यावर आला. १९५८ च्या बर्लिन महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले. चित्रपट जगाने पाहिला. त्यामागचे औंध मात्र बहुतेकांना ठाऊक नाही.

२२/
८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान विलीन झाले आणि गावांच्या त्या स्वराज्याचा प्रयोगही जेमतेम नऊ वर्षांत आटोपला. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेब निवर्तले. तेव्हा त्यांचे वय ब्याऐंशी होते. अप्पासाहेब स्वतंत्र भारताचे राजनैतिक प्रतिनिधी झाले, आणि सूर्यनमस्कारांवर त्यांनीही पुढे पुस्तक लिहिले.

२३/
आज शरीर कसे कमवावे, लेखणीने नाव कसे मिळवावे आणि यशस्वी कसे व्हावे, याविषयी उपदेशाचा महापूर आहे. औंधच्या इतिहासातून तीन गोष्टी हाती लागतात. एक, सवय अशी निवडावी की जिला साधनांची सबब सांगता येणार नाही. देहाएवढी जमीन पुरली पाहिजे.

२४/
दोन, अनुभवावाचून उपदेश नको. बाळासाहेबांनी दहा वर्षे एक पद्धत आणि पुढे वीस वर्षे दुसरी आचरली. त्यांची इंग्रजी पुस्तके त्यानंतरची. ‘किर्लोस्कर’ मासिकाच्या पाठीशीही दहा वर्षे चाललेला कारखाना होता. लिहिण्याआधी करण्याचा काळ या दोन्ही ठिकाणी बराच लांब होता.

२५/
तीन, आणि ही सर्वांत अवघड. स्वतःला सुधारलेल्या माणसाला इतरांना सुधारण्याचा मोह होतो. राजांनाही झाला. त्यांचे मोठेपण असे की आयुष्याच्या उत्तरार्धात, हुकूम देण्याची पूर्ण सत्ता हाती असताना, त्यांनी ती खाली ठेवली आणि माणसांवर विश्वास टाकला.

२६/
औंधला यमाईच्या डोंगरावर राजांनी उभारलेले संग्रहालय आजही पाहता येते, आणि आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची वसाहतही टिकून आहे. पहाटे कोठेतरी कोणी हात जोडून उभा राहतो, वाकतो, तळहात जमिनीला टेकतो. त्याला हे कोणी सांगितलेले नसते. तो स्वतः उठलेला असतो.