सिल्यानच्या काठी, खर्जाच्या रांगेत

अंगातला सुती शर्ट विसरा. तुम्हाला आता जाड लोकरीचा कोट चढवलाय, खाली गुडघ्यापर्यंतची चामड्याची विजार आणि घट्ट मोजे. वर ऊन चक्क चटके देतंय. स्वीडनमध्ये उकडत नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला? ऐन उन्हाळ्यात दालार्ना प्रांतात, सिल्यान तलावाच्या काठी, हा असा पोशाख करून उभे राहा आणि मग बोला. साल १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धातलं कुठलंही धरा.

नाकात आधी डांबर शिरतं. काठाला लांबलचक वल्ह्यांची होडी लागलीये. पूर्वी अशाच होड्यांतून गावंच्या गावं रविवारी चर्चला यायची. मग बर्चच्या ताज्या फांद्यांचा हिरवा वास, आणि उकळत्या कॉफीचा. कुणी कप पुढे केलाच, तर बशीत ओता, साखरेचा खडा दातांत धरा आणि फुर्रकन ओढा. लाजू नका, इथे असंच पितात. मानेवर डास बसलाय? बसू द्या. आज तुम्ही गावकऱ्यांच्या कॉयरमध्ये गायला उभे आहात, आणि समोर तो गाऊन घेणारे स्वीडिश संगीतकार ह्यूगो आल्फव्हेन उभे राहिलेत.

तरुणपणी ते चित्रकला शिकले, स्टॉकहोमच्या दरबारी वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवलं, सिम्फनी लिहिल्या. उप्सालात ‘ओर्फेई ड्रेंगार’ हा पुरुषांचा नामांकित कॉयर त्यांनी १९१० पासून ३७ वर्षं सांभाळला. तरी १९०४ पासून सिल्यानकाठच्या गावकऱ्यांना गायला लावणंही चालूच. मला सिम्फनीकारापेक्षा हा आल्फव्हेन जास्त जवळचा वाटतो.

तुमची जागा मागे, खर्जात. गाणं आहे ‘ऊती वोर हागे’. गॉटलांड बेटावरचं हे लोकगीत आल्फव्हेननी १९२३ मध्ये कॉयरसाठी बांधलं. बागेत ये, म्हणून सखीला बोलावणं. ब्लूबेरी, गुलाब, पुदिना, सगळं त्यात आलं. उंच आवाजाच्या सोप्रानो बायका चालीवर बागडतात, तुम्ही आपले मोजक्या सुरांवर खिळलेले. हिरमुसू नका. शेजारच्या दांडग्या गड्याचा आवाज इतका खोल आहे, की पायाखालच्या फळीतून तो तुमच्या टाचांना कळतो.

आल्फव्हेन तळवा खाली नेतात. हळू. अजून हळू. मोठ्यानं गाणं सोपं हो. एवढं हळू गाताना पोटाला पीळ बसतो, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरतो, तरी सूर पडू द्यायचा नाही. स्वतःचा आवाज शोधून पाहा. सापडत नाही ना? दुसऱ्या कुणाचाही वेगळा काढता येत नाही. एकच काहीतरी घुमतंय, आणि त्यात तुमचीही छाती थरथरतेय.

दम संपत आला? घाबरू नका. सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचाच नसतो. शेजारी सूर धरून असताना तुम्ही गुपचूप घ्या. घेतलात? आता त्याचं कोपर लागलं तुम्हाला. त्याचा दम संपलाय, धरा सूर.