मोजपट्टी कुणाची?

वसईकर मंडळी, व्यवसायोपचार म्हणजे नोकरी लावून देणं नव्हे. आजारानंतर रोजची कामं पुन्हा स्वतःची स्वतः करता येणं. आपल्याकडे हे शिक्षण कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये सुरू केलं. जन्मानं त्या अमेरिकन. मोजपट्ट्याही बऱ्याचशा तिकडच्याच. १९६५ची बार्थेल मोजणी घ्या: खुर्चीतून पलंगावर जाता येतं का, जिना चढता येतो का, जेवताना लोणी लावता येतं का! भात कालवण्याचं नाव नाही. जमिनीवरून उठणंही नाही.

आम्ही तत्त्वज्ञानवाले विचारतो, अर्नाळ्याची कोळीण पाटी पुढ्यात घेऊन दिवसभर उकिडवी बसते. पक्षाघातानंतर तिला पैकीच्या पैकी गुण पडले, पण बाजारात बसता येत नाही. संशोधनाच्या कागदावर मात्र ती बरी झालेली असते.