पाडिल्ला पितापुत्रांची चित्रपोथी

जुन्या पोथ्यांचा संग्रह करणारास एक अनुभव वारंवार येतो. एकाच बाडांत दोनतीन हस्तांचीं पानें शिवलेलीं निघतात. मधलीं कांहीं दुसऱ्याच ग्रंथाचीं असतात, पृष्ठांक मागाहून घातलेले असतात, आणि समासांत कोणा अज्ञात वाचकाची भर असते. अशी प्रत भ्रष्ट म्हणून बाजूस टाकण्याची आपली जुनी संवय आहे. तिचा फेरविचार करावा लागेल असें एक साधन टेक्सास प्रांतांतील एल पासो येथें उपलब्ध झालें आहे. तें कागदावर नसून चित्रपटाच्या रिळांवर आहे, परंतु त्याची जात मात्र आपल्या बाडांचीच आहे.

‘ला व्हेंगान्सा दे पांचो व्हिया’, म्हणजे पांचो व्हियाचा सूड, हें त्याचें नांव. कर्ते फेलिक्स पाडिल्ला व त्यांचे चिरंजीव एद्मुंदो. हे पितापुत्र प्रक्षेपणयंत्र व रिळें घेऊन गांवोगांव खेळ करीत हिंडणारे. एल पासो आणि नदीपलीकडील सिउदाद हुआरेझ हा त्यांचा मुलूख. 1930 ते 1936 या काळांत त्यांनीं निरनिराळ्या चित्रपटांचे तुकडे कापून जोडले, मध्यें इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन्ही भाषांच्या पाट्या घातल्या, आणि हा नवा चित्रपट सिद्ध केला.

त्यांतील धागे उकलूं लागलें म्हणजे मौज वाटते. जानेवारी 1914 मध्यें मेक्सिकन क्रांतीचा सेनानी पांचो व्हिया याजबरोबर अमेरिकेच्या म्युच्युअल फिल्म कंपनीनें करार केला, आणि त्याच्या लढायांचें चित्रण करण्याचा हक्क मिळविला. त्याच वर्षीं ‘द लाइफ ऑफ जनरल व्हिया’ हा चित्रपट निघाला. तरुण व्हियाचें काम राउल वॉल्श या नटानें केलें, आणि प्रौढ व्हिया म्हणून स्वतः व्हियाच पडद्यावर आला. त्या चित्रपटाची संपूर्ण प्रत आज हरवलेली आहे. त्याचे कांहीं अंश पाडिल्लांच्या जोडकामांत टिकले.

दुसरा धागा याच्या अगदीं उलट जातीचा. 1916 मध्यें युनिव्हर्सल कंपनीनें ‘लिबर्टी’ नांवाची वीस भागांची चित्रमालिका काढली. धनाढ्य अमेरिकन तरुणीस मेक्सिकन बंडखोर पळवून नेतात आणि अमेरिकन वीर त्यांचा समाचार घेतात, असा तिचा मासला. तें वर्षच तसें होतें. जानेवारींत सांता इसाबेल येथें व्हियाच्या लोकांनीं अमेरिकन खाणकामगारांस ठार केलें, त्याचा राग एल पासोंतील मेक्सिकन वस्तीवर दंगलीच्या रूपानें निघाला. 9 मार्च रोजीं व्हियाच्या टोळीनें न्यू मेक्सिकोंतील कोलंबस गांवावर छापा घातला. पडद्यावरील मेक्सिकन मनुष्य तेव्हां दरोडेखोरच असावयाचा.

पाडिल्लांनीं याच चित्रमालिकेचे तुकडे घेतले आणि पाट्या बदलल्या. क्रम फिरला, अर्थ फिरला. ज्या प्रसंगांत मेक्सिकन शिपाई खलपुरुष होता, तेथें तो नायक झाला. परक्याच्या बखरींतील मजकूर घेऊन आपली कैफियत लिहावी, तसाच हा प्रकार. शिवाय जेथें तयार तुकडा मिळेना, तेथें त्यांनीं स्वतः चित्रण केलें: 20 जुलै 1923 रोजीं पार्राल येथें झालेला व्हियाचा खून त्यांनीं अभिनयानें पुन्हां उभा केला आहे.

हें सर्व कोणासाठीं? सरहद्दीवरच्या स्पॅनिशभाषी श्रमिकांसाठीं. मंदीच्या त्या वर्षांत अमेरिकेंतून लक्षावधि मेक्सिकनांस परत धाडण्यांत येत होतें. अशा लोकांस आपल्या भाषेंत आपला इतिहास एकत्र बसून पाहण्यास जागा मिळणें ही लहान गोष्ट नव्हे. एल पासोचें 1919 मधलें तेआत्रो कोलोन हें अशा जागांपैकीं एक. लॉस एंजेलिसचें 1918 मध्यें उघडलेलें मिलियन डॉलर नाट्यगृह 1950 च्या सुमारास स्पॅनिश चित्रपटांचें व गायकनटांचें ठाणें बनलें. सान अँटोनियोंत 1976 मध्यें चिकानो चित्रपटांचा जो उत्सव सुरू झाला, तोच पुढें सिनेफेस्टिव्हल या नांवानें ग्वादालूपे कला केंद्राकडे आला. हें केंद्र एका जुन्या पेठेंतल्या चित्रपटगृहांतच थाटलेलें आहे. पाडिल्लांस मात्र पक्कें घर नव्हतें. यंत्र जेथें मांडलें तेंच नाट्यगृह.

मेक्सिकन संशोधक ग्रेगोरियो रोचा हे 1914 च्या हरवलेल्या चित्रपटाच्या शोधांत निघाले होते. त्या शोधाचा वृत्तांत त्यांनीं 2003 मधील आपल्या ‘लोस रोयोस पेर्दिदोस दे पांचो व्हिया’ या चित्रपटांत दिला आहे. शोधीत होते एक, हातीं लागलें दुसरें, हेंही आपल्यांतील पुष्कळांस ओळखीचें आहे.

येथें मूळ प्रश्न उभा राहतो. 1914 चे अंश मौल्यवान आहेत हें उघड आहे. मग पाडिल्लांचे सांधे उसवून तेवढे वेगळे काढावे काय? आमचें मत स्पष्टपणें नाहीं असें आहे. छायाप्रत घेऊन अंश जुळवावे, त्यास हरकत नाहीं. मूळ जोडकामास कात्री लावूं नये. तुकडे कोणत्या चित्रपटाचे आहेत हें मुद्रित जाहिरातींवरून व इतर प्रतींवरूनही कळूं शकेल. परंतु ते तुकडे कोणी, कोणत्या क्रमानें व कोणत्या हेतूनें एकत्र आणले, याचा पुरावा केवळ त्या सांध्यांत आहे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या राष्ट्रीय चित्रपटसूचींत 2009 मध्यें समावेश झाला तोही व्हियाच्या 1914 च्या चित्रपटाचा नव्हे, तर पाडिल्लांच्या या जोडपटाचा. आणि त्यावर काल घातला आहे तो 1930-36.