अर्पणपत्रिकेतली आई

पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेपाशी वाचक सहसा रेंगाळत नाही. ती लेखकाची खाजगी बाब आहे असे समजून आपण पान उलटतो आणि मुख्य मजकुराकडे वळतो. १८८७ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे प्रसिद्ध झालेल्या पंडिता रमाबाईंच्या 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' या पुस्तकाच्या बाबतीत मात्र अशी घाई करून चालत नाही. हे पुस्तक रमाबाईंनी आपल्या दिवंगत आईच्या, लक्ष्मीबाई डोंगरे यांच्या, स्मृतीस वाहिले आहे. आईच्या सहवासाने आणि तिने दिलेल्या शिक्षणानेच आपल्या आयुष्याला दिशा मिळाली, अशी कृतज्ञता तेथे व्यक्त झाली आहे. पुढच्या प्रकरणांत बालविवाह, स्त्रियांचे अज्ञान आणि सक्तीचे वैधव्य यांवर कठोर टीका येते. आणि जिच्या स्मृतीस हे पुस्तक अर्पण केले, ती आई स्वतः वयाच्या नवव्या वर्षी ४४ वर्षांच्या बिजवराला दिलेली होती.

बालविवाहाविरुद्धचे पुस्तक एका बालवधूला अर्पण व्हावे, यात वरवर पाहता विसंगती वाटते. ती विसंगती नाही. मात्र ते समजण्यासाठी लक्ष्मीबाईंचे आयुष्य आणि लेकीने ते वेळोवेळी कसे आठवले, या दोन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. लक्ष्मीबाईंच्या हातची एकही ओळ आपल्यापुढे नाही. त्या आपल्याला दिसतात त्या लेकीच्या आठवणीतूनच.

अनंतशास्त्री डोंगरे हे कर्नाटकात स्थायिक झालेले चित्पावन विद्वान. विद्यार्थिदशेत पुण्यात असताना दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यातील स्त्रीला आपले गुरुजी संस्कृत शिकवतात, हे त्यांनी पाहिले आणि आपल्याही पत्नीस शिकवावे असे त्यांच्या मनाने घेतले. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांच्या विरोधामुळे ते जमले नाही. ती निवर्तल्यावर तीर्थयात्रेच्या वाटेवर, गोदावरीकाठी पैठणला, दोन मुलींना घेऊन यात्रेस निघालेल्या एका ब्राह्मण गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. बोलण्याबोलण्यात सोयरीक ठरली, दुसऱ्या दिवशी लग्न लागले आणि नऊ वर्षांची मुलगी आईबापांपासून शेकडो मैल दूर दक्षिणेकडे गेली. यात्रेत झालेल्या त्या लग्नाने लक्ष्मीबाईंच्या प्रवासाला जी सुरुवात झाली, तिचा शेवट पुढे यात्रेच्याच वाटेवर व्हायचा होता.

हे लग्न त्या काळच्या हजारो लग्नांसारखेच होते. त्याचे पुढे जे झाले, ते मात्र तसे नव्हते. अनंतशास्त्र्यांनी या पत्नीला संस्कृत शिकवायला घेतले आणि धर्ममार्तंड खवळले. उडुपी येथे सुमारे चारशे पंडितांच्या सभेपुढे शास्त्रीबुवांना आपली बाजू मांडावी लागली. वेद सोडून इतर संस्कृत वाङ्मय स्त्रियांना शिकवण्यास धर्मशास्त्राची आडकाठी नाही, हे त्यांनी ग्रंथांतले आधार देऊन दाखवले. पुढे ते सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर गंगामूळ येथे अरण्यात राहावयास गेले. तुंगा आणि भद्रा या नद्यांचा उगम जेथे आहे, तेच हे ठिकाण. विद्यार्थी तेथे राहून शिकू लागले, यात्रेकरू मुक्कामाला येऊ लागले. शास्त्रीबुवांच्या विद्वत्तेची ख्याती पसरली, पण विद्यार्थ्यांची पंगत, आल्यागेल्याचा पाहुणचार आणि मुलेबाळे हा सारा भार लक्ष्मीबाईंवर होता. आश्रमाच्या इतिहासात अशा श्रमांची नोंद क्वचितच होते. येथे ती झाली, याचे कारण त्या घरातल्या धाकट्या मुलीच्या हाती पुढे लेखणी आली.

रमाबाईंचा जन्म गंगामूळ येथे २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. आतिथ्यापायी झालेले कर्ज फेडण्यासाठी जमीनजुमला विकावा लागला आणि कुटुंब घाट उतरले. तेव्हा रमाबाई अवघ्या काही महिन्यांच्या होत्या. वेताच्या पेटाऱ्यात घालून त्यांना डोंगरावरून खाली आणले गेले. त्यानंतरची दीड दशके म्हणजे एक अखंड तीर्थयात्राच होती. देवळात किंवा नदीच्या घाटावर पुराण सांगावे, श्रोते देतील त्यावर निर्वाह करावा, उरेल ते दानधर्मात घालावे आणि पुढचे तीर्थक्षेत्र गाठावे, असा क्रम होता.

या फिरत्या संसारातच लक्ष्मीबाईंनी लेकीला शिकवले. वडील वृद्ध झाले होते, त्यामुळे साधारण आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत रमाबाईंची गुरू आईच होती. 'द हाय-कास्ट हिंदू वुमन'ला फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाच्या डीन रेचल बॉडली यांनी प्रस्तावना लिहिली आहे. रमाबाईंकडून ऐकलेली बालपणाची हकीगत तीत येते. पहाटे, दिवसाची कामे सुरू होण्यापूर्वी, आई झोपलेल्या मुलीला मायेने उठवी आणि पाठ म्हणून घेई. हाती पोथी नसे, आईच्या तोंडून आलेला शब्द हेच पुस्तक. व्याकरण, अमरकोश आणि भागवत अशा रीतीने मुखोद्गत झाले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून जिचा गौरव केला, तिची शाळा ही होती.

१८८७ च्या या कथनात आई आहे ती शिक्षिका म्हणून. ते स्वाभाविकच होते. रमाबाई तेव्हा उच्चवर्णीय विधवांच्या शाळेसाठी अमेरिकेत साहाय्य मिळवीत होत्या आणि हिंदू स्त्री शिकू शकते, शिकवूही शकते, याचा घरचा दाखला त्यांच्यापाशी होता. लक्ष्मीबाई नवव्या वर्षी लग्नात दिल्या गेल्या हे त्यांनी झाकले नाही. पण आईची ओळख तेवढ्यावर संपूही दिली नाही. प्रथेने तिला एका जागी बसवले होते. ती तेथून उठून गुरूच्या आसनावर बसली. लेकीने प्रथेवर टीका केली आणि गुरूला वंदन केले.

दहा वर्षांनंतर, १८९७ साली, रमाबाईंनी आपल्या दुष्काळाच्या आठवणी लिहिल्या. त्यांतली आई निराळी आहे. १८७० नंतरच्या दशकात मद्रास इलाख्यात अन्नान्नदशा झाली. पुराण ऐकणारेच उपाशी असताना पुराणिकाला कोण देणार? मोलमजुरीची सवय नाही, भीक मागण्याची लाज वाटते, अशा स्थितीत जवळ होते नव्हते ते सारे विकून झाले. तिरुपतीच्या परिसरातील अरण्यात या कुटुंबाने अकरा दिवस पाणी आणि झाडपाला यांवर काढले. १८७४ च्या सुमारास अनंतशास्त्री गेले आणि थोड्याच काळात, रायचूर येथे, लक्ष्मीबाईंनी अंथरूण धरले. तापाच्या भ्रमात त्या खायला मागत. अखेर बाजरीच्या भाकरीचा तुकडा तरी मिळावा म्हणून रमाबाई शेजारच्या एका ब्राह्मण घरी गेल्या. मागायला शब्द फुटेना, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्या घरच्या बाईने विचारपूस करून भाकरी दिली. ती घेऊन लेक परतली, पण आईच्या अंगी ती खाण्याचेही त्राण उरले नव्हते. लक्ष्मीबाई गेल्यावर खांदा द्यायला दोनच ब्राह्मण मिळाले. तिसरा भाऊ श्रीनिवास, चौथ्या रमाबाई. त्यांची उंची कमी म्हणून तिरडीची त्यांच्याकडची बाजू त्यांना डोक्यावर घ्यावी लागली. स्मशान तीन मैलांवर होते. त्याच सुमारास थोरली बहीण कृष्णाबाईही गेली.

ही आठवण १८९७ सालीच का लिहिली गेली, याला कारण आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील हालांच्या बातम्या आल्या, तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली व स्त्रिया सोबत घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून उभे राहिले. १८८९ साली सुरू झालेले शारदासदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. केडगावला आलेल्यांत सर्व जातींच्या, अनाथ आणि निराधार स्त्रिया होत्या. रमाबाईंच्या कार्याचा हा विस्तार समजून घेताना ख्रिस्ती सेवाभावाचा उल्लेख नेहमी होतो आणि तो योग्यच आहे. पण उपासमार त्यांना वृत्तपत्रातून कळलेली नव्हती. वेळेवर न मिळालेली भाकरी त्यांनी स्वतःच्या हाताने घरी आणली होती.

तिसरी आठवण १९०७ सालच्या आत्मनिवेदनातली. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईंना आता पन्नाशी जवळ आली होती. आईवडिलांची तीर्थे, व्रते, दानधर्म आणि देव संकट निवारील हा अढळ विश्वास यांविषयी त्या परखडपणे लिहितात. त्या श्रद्धेनेच कुटुंबाला अन्नाला महाग केले, असे त्यांना वाटते. येथे वाचकाने सावध राहिले पाहिजे. हे निवेदन नव्या श्रद्धेची साक्ष म्हणून लिहिलेले आहे, त्यामुळे जुनी श्रद्धा तेथे आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहणार हे उघड आहे. लक्ष्मीबाईंना त्या यात्रांत काय लाभले, ते त्यांच्याकडून आपल्याला ऐकायला मिळत नाही. तरीही याच निवेदनात आईवडिलांच्या निष्ठेचा, सचोटीचा आणि त्यांनी दिलेल्या विद्येचा आदर कोठे उणावलेला नाही. दोष आहे तो समजुतींचा, माणसांचा नव्हे.

मराठी वाङ्मयात मातृस्मृतीची परंपरा समृद्ध आहे. तीत आई बहुधा संस्कारांची मूर्ती असते. तिच्याशी मतभेद झाला तर लेखक एक तर तो गाळतो किंवा पश्चात्तापाने नोंदवतो. रमाबाईंनी आईचा धर्म सोडला, आईने ज्या वयात संसार मांडला त्या वयातल्या लग्नांविरुद्ध चळवळ केली, आईच्या श्रद्धेचे परिणाम जगापुढे मांडले आणि तरीही स्वतःजवळचे सर्वांत मोलाचे जे, ते आईचे देणे आहे असे म्हटले. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे त्यांच्या लेखनातून शिकण्यासारखे आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यातून आणखी एक सूचना मिळते. एकाच व्यक्तीची आठवण तीन काळांत तीन रूपे घेते. त्यांतले खरे कोणते असे विचारण्यापेक्षा, प्रत्येक रूप कोणत्या गरजेतून पुढे आले हे विचारणे अधिक फलदायी ठरते.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. अखेरची बरीच वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतरासाठी दिली होती आणि त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या होत्या. शब्द, धातू आणि विभक्ती यांची ही गोडी त्यांना विद्यापीठात लागलेली नव्हती. ती लागली होती पहाटेच्या अंधारात, कोणत्या तरी धर्मशाळेच्या ओसरीवर, आईच्या तोंडून अमरकोश ऐकताना.