क्वाड बाईक

क्वाड बाईक : चार रुंद, फुगीर, कमी हवेच्या टायरांवर चालणारे, मोटारसायकलसारखे हँडल आणि मांड टाकून बसायची सीट असलेले, मुख्यतः रस्ता सोडून चालवण्यासाठी बनवलेले एंजिनाचे वाहन. भारतात ते ‘एटीव्ही’ या नावाने अधिक ओळखले जाते. वाळू, चिखल, बर्फ, नांगरट आणि खडकाळ उतार ही त्याची खरी जागा. शेती, पशुपालन, वनरक्षण, सीमेवरची गस्त, आपत्तीतील मदत आणि करमणूक अशा अनेक कामी ते जगभर वापरले जाते. आपल्याकडे मात्र बहुतेकांना ते भेटते ते समुद्रकिनाऱ्यावर किंवा थंड हवेच्या ठिकाणी, पाच-दहा मिनिटांच्या फेरीपुरते. कामाचे वाहन म्हणून त्याचे मोल आपण अजून नीट जोखलेले नाही, आणि खेळाचे वाहन म्हणून त्याचा धोकाही ओळखलेला नाही.

रचना : मोटारीच्या टायरात साधारण 30 पौंड हवा भरतात, क्वाडच्या टायरात तीन ते सात पौंड पुरते. त्यामुळे टायर जमिनीवर पसरतो, वाहनाचे वजन मोठ्या क्षेत्रावर वाटले जाते आणि भुसभुशीत वाळूतही चाक रुतत नाही. मुलांसाठीची छोटी यंत्रे 50 ते 110 सीसीची असतात. कामाच्या क्वाडचे एंजिन बहुधा 400 ते 1000 सीसीचे असून गाडीचे वजन तीन-चारशे किलोपर्यंत जाते. तिला चारही चाकांची ओढ, पुढेमागे सामान बांधायचे लोखंडी कठडे, ट्रेलर जोडायचा आकडा आणि अडकल्यावर स्वतःला ओढून काढण्यासाठी विंच अशी जोड मिळते. गिअर बहुधा आपोआप बदलणारे असतात. वेग वाढवण्यासाठी मूठ पिळायची नसते. उजव्या अंगठ्याने एक छोटी पट्टी दाबायची असते. खाचखळग्यात अंग हिंदकळते तेव्हा मूठ नकळत पिळली जाऊ नये, हा त्यामागचा विचार.

या वाहनाचा स्वभाव कळायचा तर मागचा आस पाहावा. अनेक क्वाडमध्ये, विशेषतः खेळाच्या प्रकारात, मागची दोन्ही चाके एकाच अखंड आसावर बसवलेली असतात. मोटारीत वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरते, आतले कमी. ती सोय इथे नसते. मऊ जमिनीवर आतले चाक थोडे घसरून जुळवून घेते. डांबरावर ते घसरत नाही, गाडी सरळच जाऊ पाहते आणि जबरदस्तीने वळवली तर कलंडते. म्हणून चालकाने वळणाच्या आतल्या बाजूला अंग झोकायचे, चढावर पुढे वाकायचे, उतारावर मागे सरकायचे. चालकाचे शरीर हा इथे यंत्राचाच एक भाग असतो, आणि घोड्यावरच्या स्वाराप्रमाणे हे शिकावे लागते. चार चाके पाहून ‘ही काय पडणार’ असे वाटते. बहुतेक अपघातांचे मूळ त्या समजुतीत असते.

इतिहास : चार चाकांच्या सायकलीला एंजिन बसवण्याचा प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झाला. भारतीयांना बुलेटमुळे परिचित असलेल्या रॉयल एनफिल्डचे पहिले एंजिनाचे वाहन 1898 मधील असेच चारचाकी होते. मात्र आजच्या क्वाडशी त्याचे नाते दूरचे. कॅनडात 1960 च्या दशकाच्या आरंभी जायगर हे सहा चाकांचे, पाण्यातही तरंगणारे छोटे वाहन निघाले. त्यानंतर होंडाने 1970 मध्ये अमेरिकेत यूएस 90 हे फुगीर टायरांचे तीनचाकी विकायला आणले. हिवाळ्यात मोटारसायकलींचा खप थंडावत असे; विक्रेत्यांना त्या महिन्यांत विकण्यासाठी काहीतरी हवे होते, त्यातून त्याचा जन्म झाला. पुढे ते एटीसी 90 या नावाने गाजले आणि 1971 च्या जेम्स बाँडपटातही दिसले.

तीन चाकांचे हे यंत्र वळणावर फार सहज उलटे. सुझुकीने 1982 मध्ये क्वाडरनर एलटी 125 हे चारचाकी आणले, पोलारिस कंपनीने 1985 मध्ये ट्रेल बॉस काढले, होंडाने 1986 मध्ये चारही चाकांना ओढ देणारे फोरट्रॅक्स 350. अपघातांचा, विशेषतः मुलांच्या मृत्यूंचा, गवगवा होऊन अमेरिकी सरकारने कंपन्यांशी 1988 मध्ये न्यायालयीन समझोता केला. त्यानुसार तीनचाकींची विक्री थांबली, आणि पुढचे युग चारचाकींचे झाले. डकार रॅलीत 2009 पासून क्वाडचा स्वतंत्र वर्ग होता; अर्जेंटिनाच्या पात्रोनेली बंधूंनी तो अनेकदा जिंकला. 2025 च्या रॅलीपासून हा वर्ग बंद झाला.

कामातील उपयोग : न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात मेंढ्या-गुरे वळवणे, कुंपणे तपासणे, खत टाकणे, तणनाशक फवारणे ही कामे क्वाडवरून होतात; पूर्वी घोड्याचे असलेले बरेचसे काम या यंत्राकडे गेले. सुमारे सव्वा मीटर रुंदीची ही गाडी बागेच्या दोन ओळींतून जाते, पिकाच्या कडेने फिरते आणि ओल्या जमिनीत ट्रॅक्टरइतकी चाकोरी पाडत नाही. वनरक्षक, बर्फातील बचावपथके, समुद्रकिनाऱ्यावरचे जीवरक्षक, वीजवाहिन्यांची पाहणी करणारे कामगार यांनाही ती सोयीची ठरते. युक्रेनमधील युद्धात जखमींना आघाडीवरून मागे आणण्यासाठी आणि रसद पोचवण्यासाठी ती वापरली गेली.

भारतात हा वापर प्रामुख्याने सैन्याने आणि पोलिसांनी केला. भारतीय सेना उंच डोंगराळ प्रदेशात आणि वाळवंटात पोलारिस बनावटीची वाहने वापरते. 2025 च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात सेनेचे असे वाहन ‘चेतक’ या नावाने कर्तव्यपथावरून गेले. कच्छच्या रणात सीमा सुरक्षा दलाला दलदलीत गस्त घालावी लागते, तिथेही अशा वाहनांचा उपयोग होतो. मुंबई पोलिसांना 2021 मध्ये चौपाट्यांवरील गस्तीसाठी एटीव्ही मिळाल्या. त्या मोटारीसारखी आसने आणि चक्राकार स्टिअरिंग असलेल्या प्रकारच्या होत्या. काटेकोर अर्थाने त्या क्वाड बाईक नव्हेत, तिची भावंडे. या प्रकारात चालकाभोवती लोखंडी पिंजरा आणि कमरेला पट्टा असतो, त्यामुळे उलटल्यावर वाचण्याची शक्यता बरीच वाढते.

झाशी व बुंदेलखंड : भारतात शेतीकामासाठी क्वाड कुठे उपयोगी पडू शकेल, याचे झाशी हे एक उदाहरण. या नोंदीत तिचे महत्त्व आहे ते तिच्या जमिनीमुळे. झाशीभोवती ग्रॅनाइटची उघडी टेकाडे, बेतवा नदीच्या खोऱ्यातील घळी, बाभळी-पळसाचे विरळ रान आणि त्यांच्यामध्ये शेतीचे तुकडे आहेत. तिथले शेतकरी मातीच्या चार जाती सांगतात : राकड आणि पडुआ या तांबड्या, काबर आणि मार या काळ्या. राकड खडेयुक्त आणि उथळ. मार पावसात इतकी चिकट होते की माणसाचा पाय आणि ट्रॅक्टरचे चाक दोन्ही अडकतात. पाऊस वर्षाला साधारण 850 ते 900 मिलिमीटर, पण तो थोड्या दिवसांत कोसळतो आणि खडकावरून वाहून जातो. ते पाणी बांध घालून शेतातच अडवायची ‘हवेली’ नावाची जुनी पद्धत या भागात आहे.

अशा प्रदेशात हलके, न रुतणारे, थोडे ओझे वाहणारे वाहन कोणत्या कामाचे आहे हे सांगायला फार विचार करावा लागत नाही. हवेलीचे बांध पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच पाहावे लागतात, कारण फुटलेला बांध दुसऱ्या पावसापर्यंत सांधला नाही तर वर्षाचे पाणी जाते. आणि नेमक्या त्याच दिवसांत जीप शिवारात शिरू शकत नाही. चारा आणि गवताळ राने यांवर काम करणारी भारतीय चरागाह व चारा अनुसंधान संस्था झाशीत 1962 पासून आहे. कृषिवानिकीचे केंद्र 1988 पासून, आणि राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठ 2014 पासून. गवताच्या प्लॉटवर बी पेरणे, रोपे व पाण्याची टाकी नेणे, विखुरलेल्या पाणलोट कामांवर फिरणे ही त्यांच्या क्षेत्रातली कामे क्वाडला साजेशी आहेत. बुंदेलखंडातील ‘अन्ना प्रथा’, म्हणजे दुभती नसलेली जनावरे मोकळी सोडून देण्याची रीत, शेतकऱ्याला रात्ररात्र राखण करायला लावते. मोकाट गुरांचे कळप शिस्तीने वळवायला ऑस्ट्रेलियात जे यंत्र लागते ते इथेही चालेल. पण एका शेतकऱ्याने ते विकत घेणे परवडणारे नाही. गावाच्या किंवा गोशाळेच्या मालकीचे एखादे असावे, असाच विचार व्हायला हवा.

करमणुकीच्या दृष्टीने झाशीपासून जेमतेम अठरा किलोमीटरवरचे ओरछा आकर्षक वाटते. तिथे बेतवेत राफ्टिंग चालते. पण नदीपलीकडचे रान हे अभयारण्य आहे, आणि एंजिनाचा आवाज करीत तिथे क्वाड फिरवणे कोणत्याही सबबीवर योग्य ठरणार नाही. पडीक खडकाळ माळ झाशीच्या आसपास भरपूर आहे. कुंपण घातलेला सराव-मार्ग करायचा तर तो तिथे करावा.

महाराष्ट्र व गोवा : अलिबाग, नागाव, काशीद, दिवेआगर, तारकर्ली या किनाऱ्यांवर आणि लोणावळा परिसरात एटीव्हीची राईड पर्यटकांच्या ओळखीची आहे. मनालीजवळच्या सोलांग खोऱ्यात, गुलमर्गच्या बर्फात, जैसलमेरच्या सम येथील वाळूच्या टेकड्यांवर ती आणखी जोरात चालते. किनाऱ्यावरच्या गावांना तिच्यातून हंगामी रोजगार मिळतो, हे खरे आणि महत्त्वाचे आहे. पण कोकणात वेळास, आंजर्ले, हरिहरेश्वर, दिवेआगर, आणि गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबाग येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे पर्यटनाचाच. टायरखाली वाळू दबते, घरटे चिरडते, आणि चाकोरीत पडलेले पिल्लू समुद्रापर्यंत पोचत नाही. पावसाळ्यात फुलणाऱ्या कातळसड्यांचीही हीच अडचण आहे : खडकावर बोटभर मातीत वाढणारी वनस्पती एका फेरीत उखडली की ती पुन्हा धरायला अनेक पावसाळे जातात.

कायदा : मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये क्वाड बाईक असा शब्दच नाही. मोटारसायकल म्हणजे दोन चाकांचे वाहन, अशी त्यातील व्याख्या. म्हणून हेल्मेटची सक्ती करणारे कलम 129 शब्दशः पाहिले तर क्वाडला लागू होत नाही. दुसरीकडे, जनतेला जिथे जाण्याचा हक्क आहे ती प्रत्येक जागा या कायद्याने ‘सार्वजनिक जागा’ ठरते आणि तिथे नोंदणीविना वाहन चालवता येत नाही. समुद्रकिनारा या व्याख्येत बसतो, त्यामुळे ‘आम्ही रस्त्यावर नेतच नाही’ हा बचाव टिकणारा नाही. बजाजची क्यूट ज्या ‘क्वाड्रिसायकल’ वर्गात मोडते तो वर्ग छप्पर व आसने असलेल्या छोट्या प्रवासी-मालवाहू गाड्यांसाठी आहे. क्वाड बाईकशी त्याची गल्लत करू नये. पोलारिसने आपल्या स्पोर्ट्समन 570 चे एक रूप शेतीचा ट्रॅक्टर म्हणून मान्य करून घेतले आणि रस्त्यावर नोंदणी होणारी क्वाड भारतात प्रथम विकायला आणली. तिची किंमत सुमारे आठ लाख रुपये होती. महाराष्ट्राच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाने जमीन, पाणी आणि हवा या तिन्हींवरील उपक्रमांच्या चालकांना नोंदणी आवश्यक केली. नियम आहे, किनाऱ्यावर त्याची तपासणी नियमित व्हायला हवी.

अपघात व सुरक्षा : क्वाड उलटली की तिचे तीनशे किलो वजन चालकाच्या छातीवर येते. हाड न मोडताही, केवळ श्वास कोंडून मृत्यू होतो, आणि एकटा माणूस शेतात असेल तर मदतीला कोणी नसते. आडव्या उतारावरून जाणे, तीव्र चढावर मध्येच थांबणे, डांबरी रस्त्यावर वेगाने वळणे आणि मागे दुसऱ्याला बसवणे ही उलटण्याची नेहमीची कारणे आहेत. फवारणीची अर्धी भरलेली टाकीही फसवी असते; उतारावर आतले पाणी एका बाजूला धावते आणि तोल त्याच्यामागे जातो. ऑस्ट्रेलियाने 11 ऑक्टोबर 2021 पासून शेतीकामाच्या नव्या क्वाडला सीटमागे चालक-रक्षक कमान आणि स्थिरतेचा ठरावीक निकष सक्तीचा केला. तसा कोणताही नियम भारतात नाही, आणि तो व्हायला हवा.

तोवर काळजी वाचकाने स्वतः घ्यायची आहे. राईड देणाऱ्याकडे हेल्मेट मागावे. नसेल तर बसू नये. चालक पडताच एंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधली आहे ना, हे सुरू करण्याआधी पाहावे. एकट्यासाठी बनवलेल्या सीटवर दोघे बसू नयेत, आणि सोळा वर्षांखालील मुलाच्या हाती मोठ्यांची क्वाड देऊ नये, मग ते कितीही हट्टाला पेटलेले असो.