टाचेचे बूट, भिकबाळी आणि स्त्रीपार्ट: पुरुषांच्या पोशाखाला हसण्याचा इतिहास

शिरूर-दौंडकडचे पालक अलीकडे एक प्रश्न दबक्या आवाजात विचारतात. सोबत अठरा-वीस वर्षांचा मुलगा असतो. त्याच्या एका कानात बाळी, मानेपर्यंत केस, कधी नखांना काळं पॉलिश, कधी दोन-अडीच इंच टाचेचे बूट. मुलगा बाहेर बसला की आई पुढे सरकून म्हणते, "डॉक्टर, याच्या हार्मोनची तपासणी करून बघायची का?"

उत्तर आधीच देऊन टाकतो. नाही, करायची नाही. कपड्यांची, दागिन्यांची, बुटांची आवड कुठल्याही हार्मोनमुळे ठरत नाही आणि रक्ताच्या कुठल्याही तपासणीत ती दिसत नाही. वयात येण्याची लक्षणं वेळेवर दिसली नाहीत, आवाज फुटला नाही, छातीला गाठ आली, तर तपासणी लागते. पण ती त्या लक्षणांसाठी, बुटांसाठी नाही. एवढं सांगूनही पालकांचं समाधान होत नाही, कारण त्यांचा खरा प्रश्न शरीराचा नसतोच. "लोक हसतात" हा असतो. आणि लोक कशाला हसतात, हे शरीरशास्त्रातून समजत नाही. त्यासाठी थोडा इतिहास बघावा लागतो.

टाचेपासूनच सुरुवात करू. उंच टाचेचा बूट ही बायकांची वस्तू आहे असं आपण धरून चालतो. मुळात ती घोडेस्वाराची वस्तू. इराणी स्वार रिकिबीत पाय घट्ट बसावा म्हणून टाचेचे बूट घालत. धावत्या घोड्यावर रिकिबीत उभं राहून बाण मारायचा तर पाय पुढे सटकून चालत नाही. टाच त्याला अडकवून धरते. १५९९ मध्ये इराणच्या शाह अब्बासने युरोपातल्या दरबारांकडे वकील पाठवले. त्या सुमारास इराणी वस्तूंचं तिकडे मोठं वेड पसरलं आणि टाचेचा बूट युरोपातल्या सरदारांच्या पायांत आला. त्यात बायकी काही नव्हतंच. उलट लढवय्येपणाची, मर्दानगीची ती खूण होती. बायकांनी ती पुरुषांकडून उचलली, तीही पुरुषांसारखं दिसावं म्हणून! फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं १७०१ सालचं प्रसिद्ध चित्र बघा. त्रेसष्टीच्या घरातला हा राजा लाल टाचेचे बूट घालून, पांढरे मोजे चढवलेले पाय दिमाखात दाखवत उभा आहे.

घोड्यांचं आणि शिरूरचं नातं तुम्हाला सांगायला नको. गावाला घोडनदी म्हणतात ते नदीवरून, पण एकोणिसाव्या शतकात इथे इंग्रजांची छावणीही होती आणि तिच्यात घोडदळ होतं. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला लढलेली फौज आदल्या रात्री शिरूरहूनच निघाली होती आणि तिच्यात सुमारे अडीचशे स्वार होते. घोडेस्वारीच्या बुटाला आजही टाच असते, ती याच कारणाने. मराठीत आपण घोड्याला 'टाच मारतो'. तो वाक्प्रचार कोणाला बायकी वाटत नाही.

मग हे उलटं कधी झालं? अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या पुरुषांनी टाच जवळजवळ सोडून दिली. नव्या विचारांचा जोर होता. पुरुष म्हणजे बुद्धी, कामकाज, साधेपणा आणि स्त्री म्हणजे नटणं, अशी वाटणी तेव्हा पक्की झाली. भरजरी कोट, लेस, रंग, दागिने, टोप हे सगळं पुरुषांनी हळूहळू उतरवलं आणि काळा-करडा सूट चढवला. फ्ल्युगेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३० मध्ये या घटनेला पुरुषांचा 'महान त्याग' म्हटलं. म्हणजे आपण ज्याला निसर्गनियम समजतो तो जेमतेम अडीचशे वर्षांचा रिवाज आहे आणि तोही साहेबाबरोबर बोटीतून आलेला.

आपल्याकडे त्या आधी काय होतं? जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९० च्या सुमारास पुण्यात काढलेलं सवाई माधवरावांचं चित्र पाहा. गळ्यात मोत्यांचे सर, पगडीवर रत्नं, अंगात झिरझिरीत जामा. पुरुषाच्या कानात भिकबाळी असायची, हातात सलकडी, गळ्यात कंठा. पहाटे दारावर येणारा वासुदेव पायघोळ, घेरदार झगा घालतो, डोक्यावर मोरपिसांची टोपी, पायात घुंगरू. त्याला कोणी वेगळा समजत नाही, उलट सुपातले दाणे घालून नमस्कार करतात. साधुसंत ज्या खडावा घालत तीही उंच पादत्राणंच. लाकडी आणि चालायला महाकठीण. एक उदाहरण तर मला फार बोलकं वाटतं. आपल्याकडे मिशी उतरवायची ती वडील गेल्यावर. वडील जिवंत असताना तुळतुळीत दाढीमिशी करून फिरणं म्हणजे अभद्र. आज ऑफिसला जाणारा निम्मा महाराष्ट्र तसा फिरतो आणि कोणाचं काही बिघडत नाही. उलट मुलगा पाहायला आलेली मंडळी "स्वच्छ दिसतो" म्हणतात!

आता या सगळ्यातलं सर्वांत मोठं उदाहरण. त्यावर जरा थांबू या.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हापासून जवळजवळ शंभर वर्षं मराठी रंगभूमीवर स्त्रीची भूमिका मुख्यतः पुरुषच करत. त्याला 'स्त्रीपार्ट' म्हणत. किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकर हे करून गाजले. पहिला भारतीय कथापट म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं त्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये (१९१३) दादासाहेब फाळक्यांची तारामती होते अण्णा साळुंके. हे गृहस्थ आधी खाणावळीत काम करत. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच होते.

आणि नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. जन्म १८८८. ही पदवी लोकमान्य टिळकांची. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत आले आणि शकुंतला झाले. पुढे 'मानापमाना'तली भामिनी, 'स्वयंवरा'तली रुक्मिणी, 'एकच प्याला'तली सिंधू. १२ मार्च १९११ ला मुंबईत 'मानापमाना'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. प्रयोग रद्द झाला नाही. मुलीचं दुःख पोटात ठेवून बावीस वर्षांचा बाप शालू नेसून, गजरा माळून भामिनी म्हणून उभा राहिला. ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. मराठी नाटकाच्या इतिहासात त्या रात्रीची आठवण आजही निघते.

नाटकाला आलेल्या घरंदाज बायका त्यांच्याकडे काय बघत होत्या? लुगडं कसं नेसलंय, पदर कसा घेतलाय, नथ कोणती, गजरा कुठे माळलाय. आणि घरी जाऊन तसंच करत होत्या. थोडा विचार करा. स्त्रीने स्त्रीसारखं कसं दिसावं हे महाराष्ट्राने काही काळ एका पुरुषाकडून शिकून घेतलं. तो पुरुष रंग पुसला की धोतर, कोट, टोपी घालणारा संसारी माणूस होता. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पुण्यात त्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांनी त्यांच्या पदांच्या रेकॉर्डी जपून ठेवल्या होत्या.

आता त्याच काळातला तमाशा घ्या. गवळणीतली मावशी पुरुषच करायचा, आजही करतो, आणि तिला टाळ्या पडतात. पण फडातला नाच्या? तोही मुरका मारतो, तोही कंबर हलवतो. त्याला मात्र टाळ्यांबरोबर शिव्याही मिळाल्या, आणि त्या तंबूबाहेर त्याच्यामागे घरापर्यंत गेल्या. कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी मराठी तमाशापटांत नाच्या अजरामर केला. प्रत्यक्षात ते बायकामुलं असलेले गृहस्थ होते, पण पडद्यावरची भूमिका लोकांनी त्यांच्या खऱ्या आयुष्याला चिकटवली आणि त्याचा त्रास त्यांच्या घरच्यांनाही झाला. आनंद यादवांच्या 'नटरंग' कादंबरीतला गुणा हा तर पैलवानी अंगाचा मजूर, कलेपायी नाच्या होतो आणि त्याची किंमत मोजतो. २०१० मध्ये त्यावर सिनेमा आला तेव्हा थिएटरं भरून वाहिली.

एकाला रंगमंदिर आणि दुसऱ्याला शिवी, असं का? गळ्याचा फरक आहे, मान्य. बालगंधर्वांसारखा गळा शतकात एखादाच. पण माझं मत विचाराल तर तेवढंच कारण नाही. संगीत नाटक पांढरपेशांचं आणि तमाशा गावकुसाबाहेरच्यांचा, हा भेद आपण पोशाखालाही लावला. लुगडं तेच, पण ते कोणी नेसलं यावर टाळी की शिवी हे ठरलं. आपल्या दौंड तालुक्यात चौफुल्याला कला केंद्रं आहेत. तिथे लावणीला आवडीने जाणारा आणि घरी पोराच्या कानातली बाळी बघून हात उगारणारा माणूस एकच असू शकतो.

हा दोष एकट्या समाजावर ढकलून मला मोकळं होता येत नाही, कारण यात आम्हा डॉक्टरांचाही वाटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, तिच्या दहाव्या आवृत्तीत, पुरुषाने स्त्रीचे कपडे घालण्याशी संबंधित दोन निदानं मानसिक विकार म्हणून होती. मे २०१९ मध्ये मंजूर झालेल्या अकराव्या आवृत्तीतून ती दोन्ही काढून टाकली. ती आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. म्हणजे केवळ आवडीने वेगळे कपडे घालणं हा आज आमच्या पुस्तकात आजार नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या 'नालसा' निकालात पोशाखातून स्वतःची ओळख व्यक्त करणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. आणि कोणाची लैंगिक ओळख 'बदलून देण्याचे' उपचार करणं हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तेव्हा "पोरगा सुधारून देतो" असं सांगून कोणी इंजेक्शनं किंवा कोर्स विकत असेल, तर तिथून उठून या. ओघात एक सांगतो. बाळी घालणारा किंवा टाचेचे बूट घालणारा प्रत्येक मुलगा समलिंगी किंवा तृतीयपंथी असतो असं नाही. बहुतेकांना ती नुसती फॅशन म्हणून आवडते. आणि एखादा असलाच, तर तोही आजार नाही.

वडिलांना मी एक काम सांगतो. घरातला १९७५ च्या आसपासचा लग्नाचा अल्बम काढा. काका-मामांच्या बेलबॉटम पँटी, कानांवरून आलेले केस, फुलाफुलांचे शर्ट, मोठ्या कॉलरी आणि जाड टाचेचे बूट बघा. त्या वेळी आजोबा काय म्हणाले होते तेही आठवा.

आता शरीराचं, कारण तिथे मात्र बोलण्यासारखं आहे. पायात २६ हाडं असतात, पुरुषाच्याही आणि स्त्रीच्याही. टाच उंच झाली की शरीराचा भार चवड्यावर येतो. रोज तासन्‌तास असं चाललं की पोटरीचे स्नायू आखडतात, अंगठ्याच्या मुळाशी हाड वर येतं, गुडघ्यावर ताण पडतो, घोटा मुरगळतो. अडीच-तीन सेंटीमीटरपर्यंतची रुंद टाच सहसा त्रास देत नाही. त्याहून उंच असेल तर दिवसभर घालू नका आणि घरी आल्यावर भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा. उंची वाढवायला बुटात लपवायचे सोल मिळतात. आपल्याकडे मुलं ते जास्त वापरतात, कारण दिसत नाहीत. पण त्याने बूट आतून अरुंद होतो आणि बोटं चेपतात. मधुमेह असेल आणि पायाला बधिरपणा असेल तर टाचेचे, टोकदार किंवा घट्ट बूट अजिबात नकोत. जखम झालेली कळतसुद्धा नाही.

कान टोचायचा तर खालच्या मऊ पाळीत टोचा. भिकबाळीच्या जागी, म्हणजे वरच्या कडेला, कूर्चा असते. तिला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे तिथे पू झाला तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो. यात्रेत, एकच सुई सगळ्यांना वापरणाऱ्याकडे टोचू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते पाहा. आणि कान लाल होऊन सुजला, ठणकायला लागला, तर त्याच दिवशी दाखवा. घरी कळेल म्हणून केसांखाली कान लपवत आठ-आठ दिवस काढणारी मुलं मी पाहतो. तोवर साध्या गोळीने भागण्याची वेळ निघून गेलेली असते.

मुलाची झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, तो कॉलेजला जायचं टाळत असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर मात्र थांबू नका. तेव्हाही बुटांवर किंवा बाळीवर बोलू नका. त्याला कोण चिडवतंय, घरात कोण मारतंय, ते विचारा. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर आहे. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. मुलाला स्वतःला करता येतो, तुम्हालाही.