जुना पिकअप, स्वस्त स्टिरिओ : श्रवणाच्या एका इतिहासाविषयी

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधकर्त्यांचा आणि कारखान्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. वस्तू विकत घेतल्यावर माणसे तिचे काय करतात, ही गोष्ट त्यात तळटीपेपुरती उरते. मोटारीतील संगीताच्या बाबतीत मात्र ही तळटीपच मूळ संहिता आहे, असे म्हणावे लागते. अमेरिकेत अनेक हौशी माणसे १९६० वा १९७०च्या दशकातील एखादा शेव्हरोले किंवा फोर्ड पिकअप ट्रक घेतात आणि मोजक्या पैशांत त्यात स्टिरिओ बसवतात. वरवर पाहता ही आलिशान गाड्यांची गरीब नक्कल वाटते. इतिहास वेगळे सांगतो. गाडीतले संगीत जन्माला आले ते असेच, मागाहून जोडलेले.

शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी १९३० मध्ये मोटारीत बसवता येणारा रेडिओ तयार केला आणि त्याला ‘मोटोरोला’ हे नाव दिले. त्या वर्षी अटलांटिक सिटी येथे रेडिओ उत्पादकांचे अधिवेशन भरले होते. गॅल्विन यांचा तेथे गाळा नव्हता, म्हणून त्यांनी आपली स्टूडबेकर गाडी बाहेर उभी करून रेडिओ ऐकवला. किंमत होती सुमारे ११० ते १३० डॉलर, आणि तीही नवी फोर्ड पाचशे-साडेपाचशे डॉलरला मिळण्याच्या काळात. बसवणे हे स्वतंत्र कौशल्यच होते : रेडिओसाठी वेगळ्या बॅटऱ्या, स्पीकरसाठी जागा आणि इंजिनातील ठिणग्यांमुळे होणारी खरखर थोपवण्याची व्यवस्था. चालकाचे चित्त विचलित होईल, या कारणाने मॅसॅच्युसेट्स आणि सेंट लुईस येथे बंदीचे प्रस्तावही पुढे आले.

कारखान्याने स्वतः संगीत देऊ केले तेव्हा काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. क्रायसलरने १९५६च्या गाड्यांत ‘हायवे हाय-फाय’ नावाची तबकडी वाजवणारी यंत्रणा आणली. तिच्या तबकड्या मिनिटाला १६⅔ फेरे घेत आणि त्या एकट्या कोलंबिया कंपनीच्या असत. ऐकणाऱ्याची निवड अशी कारखान्याने आधीच उरकलेली होती. काही वर्षांतच ती यंत्रणा अस्तंगत झाली. १९६०च्या दशकाच्या आरंभी अर्ल मंट्झ या एकेकाळच्या जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने फितीची डबी वाजवणारे यंत्र आणून स्टिरिओ ध्वनी गाडीत पोचवला. फोर्डने १९६६च्या गाड्यांत आठ-ट्रॅकची फीत दिली. पुढे फिलिप्सच्या १९६३च्या कॅसेटने मोठा पालट केला, कारण ती घरी भरता येत असे. श्रोता येथे संपादक झाला.

पिकअपचे स्थान या कथेत शेवटच्या बाकावरचे. हे वाहन कामाचे अवजार मानले जाई. साध्या मॉडेलमध्ये रेडिओला जादा पैसे पडत, आणि मिळे तो डॅशबोर्डमधला एकच स्पीकर. आज स्वस्तात स्टिरिओ बसवणाऱ्याला या मर्यादांशीच बोलावे लागते. जुना रेडिओ दोन दांड्यांवर बसत असे. नव्या यंत्राचा प्रमाणित गाळा १८० बाय ५० मिलिमीटरचा. म्हणून एक तर डॅशबोर्डचा पत्रा कापायचा किंवा यंत्र हातमोज्यांच्या कप्प्यात दडवायचे. डॅशमधल्या एकुलत्या जागेत दोन कॉइलींचा स्पीकर बसवला, तर डावा आणि उजवा असे दोन्ही प्रवाह त्या एकाच पडद्यावर एकवटतात. बाकीचे स्पीकर पायांजवळच्या बाजूपट्टीत, खर्जासाठी एखादी उथळ पेटी सीटच्या मागे, बॅटरीलगत फ्यूज आणि पत्र्याचा थरथराट दाबायला आतून अस्तर. खर्च थोडा, विचार मात्र पुष्कळ.

या मर्यादित आवाजाने संगीताचाही घाट बदलला, ही साहित्याच्या अभ्यासकाला विशेष वाटावी अशी गोष्ट. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत १९६०च्या दशकात ध्वनिमुद्रणे मुद्दाम लहान, गाडीच्या रेडिओसारख्या स्पीकरवर ऐकून पारखली जात. म्हणजे त्या गाण्यांच्या कर्त्यांसमोरचा श्रोता दिवाणखान्यात जितका होता तितकाच गाडीतही होता. स्वस्त आवृत्ती डोळ्यांपुढे ठेवून लेखकाने वाक्ये घडवावीत, तसे हे झाले. अशा गाण्यांना जुन्या पिकअपचा आवाज परका नाही.

मात्र आवाज कोणाचा, हा प्रश्न १९३० नंतरही मिटला नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातील मेक्सिकन-अमेरिकन तरुणांनी जुन्या शेव्हरोले गाड्या आणि पिकअप जमिनीलगत उतरवून ‘लोरायडर’ संस्कृती घडवली. संथपणे रस्त्यावर फिरणे आणि जुनी गाणी ऐकवणे हा तिचा प्राण. आर्ट लाबो हे निवेदक श्रोत्यांचे निरोप गाण्यांसोबत प्रक्षेपित करत. २०२२ मध्ये ९७ व्या वर्षी निधन होईपर्यंत त्यांनी हे काम सोडले नाही. याच गाड्यांविरुद्ध कायदे होते. १९५८ पासून गाडी ठरावीक मर्यादेखाली उतरवण्यास मनाई होती, आणि १९८८ पासून शहरांना अशा फेऱ्यांवर बंदी घालता येत असे. ही बंधने उठवणारा कायदा कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये केला. तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. १९३० मध्ये आक्षेपाचे कारण चालकाचे लक्ष होते. नंतर रस्त्यावर कोणी दिसावे आणि कोणी ऐकू यावे, हेच वादाचे मूळ झाले.

आजच्या अनेक नव्या ट्रकमध्ये ध्वनियंत्रणा पडद्याशी आणि गाडीच्या इतर नियंत्रणांशी इतकी गुंतलेली असते, की ती बदलणे सामान्य मालकाच्या आवाक्यात राहत नाही. हायवे हाय-फायमागची वृत्ती अधिक सफाईने परतली आहे. जुन्या पिकअपमध्ये चार तारा जोडणारा माणूस म्हणूनच केवळ काटकसर करत नसतो. आपण काय ऐकावे आणि ते कसे ऐकावे, हे ठरवण्याचा एक जुना अधिकार तो वापरत असतो.